वरून सगळं दिसतं

२ ऑगस्ट, शुक्रवार

ट्रेनिंग संपलं. सर्टिफिकेट मिळालं. फाइलला लावावं की भिंतीला, हे अजून ठरत नाही.

आमच्या पूर नियंत्रण कक्षातून एकालाच पाठवायचं होतं आणि मोठ्या साहेबांनी माझं नाव दिलं. हॅलोचं म्हणणं, त्या आठवड्यात बाकी सगळ्यांना कामं होती. हॅलो म्हणजे आमच्या कक्षातला फोनवाला. त्याचं प्रत्येक वाक्य हॅलोने सुरू होतं, समोर उभ्या असलेल्या माणसाशी बोलतानासुद्धा. पूर आला की हा गल्लीगल्लीत फोन लावून पाणी कुठवर आलं ते विचारत बसतो. ओरडून. आजच्या काळात!

विषय सोपा आहे (मला). उपग्रह वरून फोटो काढतो. त्यातले काही घेऊन आपण मशीनला शिकवायचं, हे घर, हा रस्ता, हे पाणी, ही मोकळी जमीन. मशीन शिकतं. मग पूर आला की नवा फोटो आत टाकायचा. पाणी कुठे भरलं, बोटी कुठे पाठवायच्या, तंबू कुठे ठोकायचे, सगळं मशीन आपणहून सांगतं. आपण फक्त शेजारी उभं राहायचं. हे शेवटचं मला विशेष पटलं.

संकल्प: रोज पाचला उठून दोन तास मशीनला शिकवणे. रोजनिशी रोज. गोड बंद. (गोडाचा याच्याशी संबंध नाही, पण संकल्प करायला बसलोच आहे तर.)

ही वही कुणाला दाखवायची नाही. हिला तर नाहीच.

३ ऑगस्ट, शनिवार

साडेआठला उठलो. ट्रेनिंगचा शीण.

४ ऑगस्ट, रविवार

सासूबाईंकडे गेलो होतो. नदीकाठच्या गल्लीतलं शेवटचं घर. एकमजली, वर सपाट गच्ची. सासरे गेल्यापासून एकट्याच राहतात. निघताना हिने विषय काढलाच. नदी चढायच्या आत आईला आपल्याकडे आणू या, दरवर्षी माझ्या जिवाला घोर लागतो. मी म्हणालो, विचार करू.

विचार केला. त्यांना द्यायची म्हणजे मागची खोली, आणि तिथे मी कालच मोठा मॉनिटर लावलाय. खोलीत उजेड कमी, आवाज नाही, कामाला अगदी योग्य जागा. एका व्यक्तीची सोय की अख्ख्या शहराची सुरक्षितता, असा हा प्रश्न आहे. त्यांच्या कडक चहाशी, पहाटेच्या रेडिओशी आणि मी काय खातो यावरच्या बारीक लक्षाशी माझ्या निर्णयाचा काडीचाही संबंध नाही. माझा आक्षेप निव्वळ शास्त्रीय आहे.

सासूबाईंना फोनवर त्यांचं घर वरून कसं दिसतं ते दाखवलं. त्यांनी फोन हातभर लांब धरून पाहिलं. मग विचारलं, हे आत्ताचं का? मी सांगितलं, हे जुनं, पण उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमाराला डोक्यावरून जातो, तेव्हा नवं निघतं. मग गच्चीत उभी राहिले तर मी दिसेन का, म्हणाल्या. म्हटलं, वरून सगळं दिसतं.

६ ऑगस्ट, मंगळवार

शिकवणी सुरू. (साडेसातला. पाच ही वेळ दमट असते.)

काम असं: फोटोतल्या गोष्टीभोवती माउसने रेघ ओढायची आणि तिला नाव द्यायचं. नावांची यादी मीच केली. घर, रस्ता, पाणी, मोकळी जमीन. सुटसुटीत. मी उन्हाळ्यातले लख्ख फोटो निवडले. बागेतला तलाव, क्लबचा पोहण्याचा हौद, पाणीपुरवठ्याच्या टाक्या. पाणी कसं निळंशार! चटचट रेघा ओढल्या. शाळेचं पटांगण, रिकामे प्लॉट, बस डेपोमागची जागा ही सगळी सपाट, तपकिरी. म्हणजे मोकळी जमीन.

कन्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकते, दुसरं वर्ष. डबा भरता भरता मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, बाबा, यात पुराचे फोटो कुठे आहेत? सांगितलं, मागच्या पुराचे होते चार, पण फार गढूळ. पाणी कुठलं आणि माती कुठली, कळत नव्हतं. म्हणून काढून टाकले. तिने डब्याचं झाकण दाबून बसवलं. मग उशीर होतोय म्हणून गेली.

या पिढीत चिकाटी नाही.

९ ऑगस्ट, शुक्रवार

साडेदहाला मीटिंगमध्ये होतो. पावणेअकराला सासूबाईंचा फोन. गच्चीवर उभं राहून हात हलवला, दिसला का? साहेब समोर बसलेले. म्हटलं, हो हो, स्पष्ट दिसलात. हात जरा पुसट आला. त्या इतक्या खूश झाल्या की शेजारणीला हाक मारून सांगितलेलं मला फोनमध्ये ऐकू आलं.

वास्तविक ट्रेनर म्हणाला होता, की वरून माणूस म्हणजे एक ठिपका, तोही नशीब असलं तर. पण म्हाताऱ्या माणसाला एका वाक्यात आनंद झाला, त्यात आपलं काय गेलं?

१३ ऑगस्ट, मंगळवार

मान धरली आहे. शिकवणीचं काम कन्येकडे दिलं, बदल्यात स्कूटरची किल्ली. मी पलंगावरून देखरेख केली. ती मधेच म्हणाली, पुराचं पाणी निळं नसतं बाबा. मी म्हणालो, ट्रेनरच्या सगळ्या स्लाइडवर निळं होतं. यावर तिने सुस्कारा सोडला. सुस्कारा हा मुद्दा नव्हे.

गोड: आज एकच पेढा. साहेबांनी दिला, नाही म्हणता येईना.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

परीक्षा! मशीन सत्त्याण्णव टक्क्यांनी पास!! मी बारावीला जे मिळवू शकलो नाही ते माझ्या शिष्याने पंधरवड्यात मिळवलं. डोळे भरून आले.

कन्येने लगेच नाक मुरडलं. म्हणे, ज्या फोटोंवर शिकवलं त्यांचीच परीक्षा घेतलीत, ही तर पाठ केलेली उत्तरं. मी म्हणालो, मग त्यात वाईट काय? आम्ही सगळे असेच पास झालो आणि आज जबाबदारीच्या जागांवर बसलो आहोत. ती म्हणाली, तेच तर. काय तेच, ते सांगितलं नाही.

२० ऑगस्ट, मंगळवार

साहेबांना नकाशा दाखवला. पाणी तिथे धोका म्हणून लाल, बाकी सुरक्षित म्हणून हिरवं. सगळं शहर हिरवंगार! फक्त बागेतला तलाव, क्लबचा हौद आणि पाणीपुरवठ्याच्या टाक्या लाल. साहेब खुर्चीतून उठून जवळ आले. म्हणाले, एवढ्या वर्षांत आपलं शहर इतकं चांगलं कधी दिसलं नव्हतं. पुढच्या महिन्यात वरच्या लोकांपुढे हे मांडायचं, असं ठरलं. बढतीचा शब्द त्यांनी उच्चारला नाही, पण खोलीत तो होता.

हॅलोने विचारलं, हॅलो, नदीकाठची गल्लीपण हिरवी कशी? सांगितलं, नकाशाला विचार. तो म्हणाला, नकाशा फोन उचलत नाही. खूप हसला. एकटाच.

घरी हिलाही दाखवलं. सासूबाईंची गल्ली सगळ्यात गर्द हिरवी होती, हे मी बोटाने दाखवून दिलं. ही म्हणाली, माझ्या दहावीच्या वर्षी त्या घरात खिडकीपर्यंत पाणी होतं, मी आणि आईने दोन रात्री गच्चीत काढल्या. मी समजावलं, की आठवण ही आठवण असते आणि डेटा हा डेटा असतो. ती आत गेली. त्यानंतर स्वयंपाकघरात प्रत्येक भांडं गरजेपेक्षा जोरात ठेवलं जात होतं.

शेवटी कबूल केलं. रविवारी सासूबाईंना आणायचं. मॉनिटर हलवू कुठेतरी.

२५ ऑगस्ट, रविवार

आणलं नाही. स्लाइडचे रंग जुळत नव्हते. पुढच्या रविवारी नक्की.

सासूबाईंचा फोन आला होता. हात पुसट येतो म्हणून त्यांनी आता गच्चीत लाल पलंगपोस पसरला होता. दिसला का? म्हटलं, झळकत होता. हा पलंगपोस आम्हाला कुणीतरी लग्नात दिलेला. इतका भडक, की त्यावर झोपलं तर स्वप्नंही लाल पडावीत. मीच तो मोठ्या मनाने त्यांना देऊन टाकला होता. जावयाने दिला म्हणून त्यांनी तो इतकी वर्षं घडी न मोडता जपला आणि आता पहिल्यांदा काढला, उपग्रहासाठी.

म्हणाल्या, आता तुम्हाला कामात फोन करून त्रास देणार नाही. काही लागलं तर पलंगपोस पसरेन. तुमचं लक्ष असतंच. मी म्हणालो, उत्तम व्यवस्था.

खरंच उत्तम आहे. फोन बंद झाले.

१ सप्टेंबर, रविवार

सकाळपासून शिंका. अशा अवस्थेत वयस्कर माणसाला घरी आणणं म्हणजे त्यांच्या तब्येतीशी खेळ. हिला तसं सांगितलं. ही म्हणाली, तू तिला आणू नकोस, मी आणते. मी म्हणालो, तू कशाला त्रास घेतेस, पुढच्या रविवारी मी आहे ना. तिने काढ्याचा कप माझ्यासमोर आदळला. पटलं असावं.

५ सप्टेंबर, गुरुवार

वर डोंगरात दोन दिवस धो धो कोसळतोय. इथे एक थेंब नाही, लख्ख ऊन. हॅलो सकाळपासून वरच्या धरणाच्या माणसांशी ओरडतोय. त्याच्या मते रात्रीतून पाणी येणार. मी शांत होतो. आपत्तीच्या वेळी बाहेरच्या संस्था उपग्रहाचे ताजे फोटो फुकट देतात. तसा अर्ज रीतसर पाठवला. माझ्या कारकिर्दीतला हा पहिला खरा पूर असणार. मन भरून आलं. (पूर वाईटच. पण.)

ही संध्याकाळी चप्पल घालून दारात उभी. आत्ताच्या आत्ता आईला आणायला जाऊ. मी म्हणालो, उद्या सकाळी फोटो येईल, मशीन सांगेल त्याप्रमाणे ठरवू. अशा वेळी भावनेच्या भरात निर्णय घ्यायचे नसतात. मग तिने सासूबाईंनाच फोन लावला. त्या म्हणाल्या, रात्रीची धावपळ नको, इथे काही नाही, आणि जावईबापूंचं लक्ष आहे.

तिने चप्पल काढली. माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती कौतुकाची नव्हती.

६ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी ७. नदीने काठ सोडला. आकाश निरभ्र. उपग्रहासाठी याहून चांगला दिवस शोधून सापडायचा नाही.

११.३०. फोटो आला! साडेदहाचा, ताजा, कापून ठेवलेल्या फळासारखा. मशीनला देण्याआधी साफ केला. ट्रेनरने सांगितलं होतं, फोटोत बारीकसारीक कचरा येतो तो काढावा. फार नव्हता. नदीजवळ सगळीकडे छान तपकिरी आणि मधोमध एक लालभडक डाग. पुसला. साहेबांना डाग आवडत नाहीत.

१२. निकाल. विश्वास बसत नाही. पूर जवळजवळ नाहीच! उलट नदीकाठी भलंमोठं मैदान तयार झालंय. सपाट, तपकिरी, अडथळा नाही. छावणीसाठी मशीनने त्याला पहिला नंबर दिला. नवं पाणी फक्त एके ठिकाणी, टेकडीवरच्या मदत गोदामाशी. तिथे निळाईच निळाई. साहेब म्हणाले, टेकडीवर? कुणाच्या ध्यानीमनी तरी आलं असतं का! मी नम्रपणे खाली पाहिलं. दोन्ही बोटी ट्रकवर चढवून टेकडीकडे रवाना. तंबूंचे ट्रक मैदानाकडे.

हॅलो म्हणाला, हॅलो, नदीकाठच्या गल्लीत कमरेएवढं पाणी आहे, तीन घरांतून फोन आले. साहेबांनी त्याला बसायला सांगितलं.

१. हिचा फोन. आईचा फोन लागत नाही. मी म्हणालो, काळजी करू नको, फोटो माझ्या समोर आहे, गल्ली कोरडी ठणठणीत. ती म्हणाली, कक्षाच्या नंबरवर लावला तर हॅलोने कमरेएवढं सांगितलं. मी म्हणालो, तो ऐकून सांगतो, मी बघून सांगतोय. तिने फोन ठेवला. तोंडावर.

२. बोटवाल्यांचा टेकडीवरून फोन. बोटी उतरवायच्या कुठे? पाणी दिसत नाही. निळ्या ताडपत्र्या दिसतायत, वाटपासाठी नव्या आलेल्या, अंगणभर पसरून मोजणी चाललीय. मी म्हणालो, ताडपत्र्यांच्या खाली बघा.

त्यानंतर लगेच तंबूवाल्या ड्रायव्हरचा फोन. तुमचं मैदान सापडलं साहेब, पण मैदानातले विजेचे खांब अर्धेच वर आहेत आणि बदकं पोहतायत. पुढे जायचं का? मोठे साहेब माझ्या मागेच उभे होते. फोन स्पीकरवर होता.

मग हॅलो आला. हळू बोलला. इतक्या वर्षांत तो हळू बोललेला मी ऐकला नव्हता, आणि त्याने हॅलोही म्हटलं नाही. गल्लीतल्या मासेमाराचा फोन होता. त्याने दुपारपर्यंत आपल्या होडीतून सगळ्यांना बाहेर काढलं. शेवटच्या घराच्या गच्चीवरची म्हातारी मात्र होडीत बसायला तयार झाली नाही. तिने होडीतली जागा लेकुरवाळ्यांना दिली. म्हणाली, माझी काळजी नको, जावयाने मला वरून पाहिलंय, तो बोट पाठवतोच आहे. आता होडीचं वल्हं मोडलंय आणि पाण्याला ओढ फार आहे.

मूळ फोटो उघडला. पुसण्याआधीचा. तो लाल डाग मोठा केला. आणखी मोठा केला. चौकोनी होता. नीट ताणून, चार कोपऱ्यांना काहीतरी वजन ठेवून पसरलेला. त्याच्या शेजारी एक ठिपका.

ठिपका काहीही असू शकतो, असं मी आधी स्वतःला सांगून पाहिलं. जमलं नाही. मला भीती वाटली. एवढंच लिहितो.

साहेबांना म्हणालो, बोटी परत बोलवा. बोलावल्या. पण टेकडीच्या रस्त्याला तंबूंचे ट्रक बोटींच्या ट्रकांच्या तोंडाला तोंड लावून उभे होते. मैदान नाही म्हटल्यावर मीच त्यांना फोनवर टेकडीकडे जायला सांगितलं होतं.

पळत नदीकाठी गेलो. गळ्यात कक्षाची शिट्टी होती. ती का घेतली होती, माहीत नाही. पाणी खरंच तपकिरी होतं. शाळेच्या पटांगणासारखं, अगदी हुबेहूब. ते पटांगण वाहत होतं आणि त्यातून कुणाचा तरी दरवाजा चालला होता. मी शिट्टी वाजवली. कुणी वळून पाहिलं नाही.

ऊन कलताना पाण्यावरून एक हंस आला. बागेतल्या तलावातली पायडलची बोट, पांढरी, लांब मानेची, लहान मुलांना फिरवतात ती. पायडलवर ही आणि कन्या. मधे सासूबाई, मांडीवर पलंगपोसाची ओली घडी. फोन आपटल्यावर या दोघी थेट बागेत गेल्या होत्या. कन्येने कुलूप तोडलं, म्हणे. गल्ल्यागल्ल्यांतून, ओढ टाळत, भिंतींना धरून धरून नेली ती बोट. हिच्या पायात गोळे आले होते, ओठ पांढरे पडले होते. ही म्हणाली, दोरी धर.

मी दोरी धरली. आजच्या मदतकार्यात माझा वाटा तेवढा.

८ सप्टेंबर, रविवार

रविवारी आणायचं ठरलं होतं. आल्या आहेत.

सासूबाई मागच्या खोलीत. ताप, खोकला. डॉक्टर म्हणाले, छातीत काही नाही, आठवडाभर पडून राहू द्या. मॉनिटर चपलांच्या कपाटावर. त्यांच्या घराची मागची भिंत शुक्रवारी रात्री पडली, गच्चीचा निम्मा भाग घेऊन. मासेमार सांगून गेला. मी हिशोब करायला लागलो होतो, हंस किती आधी पोहोचला त्याचा. मधेच सोडून दिला.

साहेबांना अहवाल हवाय. पहिला मसुदा: पुराच्या पाण्याचा रंग अपेक्षेनुसार नव्हता. पाण्याचा रंग ही या कक्षाच्या अखत्यारीतली बाब नाही. ताडपत्र्यांच्या निळ्या रंगाबद्दल खरेदी विभागाकडे विचारणा व्हावी.

कन्येने वाचला. म्हणाली, बाबा, प्लीज.

११ सप्टेंबर, बुधवार

ही माझ्याशी बोलत नाही. निरोप कन्येमार्फत येतात. जेवायला या. साखर संपली. गोड त्यामुळे आपोआप बंद.

सासूबाईंना बघायला माणसांची रीघ. बरं वाटतंय आता, उशांना टेकून बसतात आणि प्रत्येकाला तीच गोष्ट सांगतात. जावयाने मला आकाशातून पाहिलं. पलंगपोसावरून ओळखलं. आणि लगेच लेकीला आणि नातीला बोट घेऊन पाठवलं. पायडल मारायची नक्कलही करून दाखवतात. लोक माझ्याकडे वळून बघतात, एकाने तर हात हातात घेतला.

ही दारात औषधाचं पाणी घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलणार. तिने पुढे होऊन आईला औषध दिलं. खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात पाहुण्यांनी, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून, असं म्हटलं. मिटलं.

मशीन पुढे चालवायचं की नाही, यावर साहेबांचा निर्णय झाला. चालवायचं. मात्र शिकवणी कन्या सांगेल तशी, आणि नकाशा निघाला की आधी हॅलोला दाखवायचा.

१५ सप्टेंबर, रविवार

पाचला उठलो. झोप लागली नव्हती, त्यामुळे यात माझं कर्तृत्व नाही.

कन्येने पुराचे फोटो आणून ठेवलेत, आताचे आणि मागचे चार गढूळही. रेघा पहिल्यापासून ओढायच्या. चपलांच्या कपाटासमोर स्टुलावर बसलो. थोड्या वेळाने सासूबाई शाल गुंडाळून उठून आल्या, शेजारी वेताचा मोडा ओढून बसल्या. म्हणाल्या, त्या दिवशीचा फोटो दाखवा की.

मूळचा दाखवला. माझ्याआधी त्यांनीच बोट ठेवलं. हे घर. हा पलंगपोस. हा ठिपका कसला? म्हटलं, तुम्ही.

त्यांनी शालीच्या टोकाने काच पुसून पुन्हा पाहिलं. मग विचारलं, हे कधी दिसलं तुम्हाला? साडेदहालाच ना? तुम्ही म्हणाला होतात, साडेदहाला जातो.

मी हो म्हणालो. मग नाही म्हणालो. मग म्हणालो, डाग समजून पुसला. त्याआधीही कधी दिसला नव्हतात, हात हलवायचात तेव्हाही नाही, मी आपलं म्हणायचो.

त्या म्हणाल्या, माहीत आहे. साडेदहाला पाहिलेल्या माणसासाठी कुणी ऊन कलेपर्यंत थांबत नाही. गच्चीत बसून तेवढा विचार करायला वेळ होता मला. लोकांना मी सांगते तसंच सांगेन, तुम्ही काळजी करू नका. माझ्या लेकीला इथे राहायचंय.

ही स्वयंपाकघराच्या दारात होती. कधी आली कळलं नाही. तिने दोन कप चहा आणून कपाटावर ठेवले. एक आईचा. दुसरा माझ्यासमोर सरकवला.

कामाला लागलो. तपकिरी सगळं पाणी. नदीकाठची गल्ली, शाळेचं पटांगण, बस डेपो. रेघ ओढत ओढत त्यांच्या गच्चीशी आलो. गच्ची म्हणजे घर. राहिला तो ठिपका. त्याच्याभोवती रेघ ओढली आणि नाव द्यायला यादी उघडली. घर, रस्ता, पाणी, मोकळी जमीन. पाचवं काही नव्हतं. यादी मीच केली होती.

मशीन थांबलं होतं, रिकामी चौकट दाखवत. सासूबाईंना विचारलं, इथे काय लिहू?

म्हणाल्या, मला काय विचारता? तुम्हाला जे दिसतंय ते लिहा.